रंगवलेला बलक आणि थांबलेले गर्भ : खानापूर तालुक्यातील एका उबवणी केंद्राचे प्रकरण

सांगली जिल्ह्यात विट्याजवळच्या एका वाडीत ३०० सुधारित गावरान कोंबड्या, ३५ कोंबडे आणि १२०० अंड्यांचे उबवणी यंत्र एवढ्या भांडवलावर एक जोडपे पिल्ले काढून विकण्याचा व्यवसाय करते. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांची उबवण हळूहळू घसरू लागली आणि आषाढ लागेपर्यंत ती निम्म्यावर आली. दर आठवड्याला ४०० अंडी यंत्रात बसत. त्यांतून पूर्वी ३१० ते ३२० पिल्ले निघत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात १८० निघाली. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून येथे मी त्यांना दादा आणि वहिनी एवढेच म्हणणार आहे. या प्रकरणाचा सविस्तर वृत्तांत लिहिण्याचे कारण असे की बलकाचा रंग पाहून कोंबडीचे पोषण जोखण्याची जी सवय आपल्या भागात सर्वत्र आहे, त्याच सवयीने येथे खरा दोष तीन महिने झाकून ठेवला.

दादांचा पहिला फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलेले लक्षण एकच होते. सातव्या दिवशी टॉर्चवर अंडी पाहिली की ४०० पैकी दीडशेच्या आसपास "कोरी" दिसत होती, म्हणजे आत रक्तवाहिन्यांचे जाळे नव्हते आणि गर्भाचा ठिपकाही नव्हता. पूर्वी अशी अंडी चाळीसच्या घरात असत. कोरे अंडे म्हणजे अफलित अंडे, आणि अफलित अंडे म्हणजे कोंबड्याचा दोष, असा सरळ हिशोब करून त्यांनी दहा कोंबडे बाजाराला काढले होते आणि बाहेरून नवे आणले होते. त्याने काहीच फरक पडला नव्हता. फोनवर ऐकून मी स्वतः आधी यंत्राकडे बोट दाखवले. पावसाळ्याच्या तोंडावर वीज सारखी जाते, तापमान ३७.५ अंशांच्या आसपास स्थिर राहत नाही आणि त्यात कोवळे गर्भ दगावतात, हे आमच्याकडचे नेहमीचे दुखणे आहे. त्या सल्ल्यात एक आठवडा गेला, याचे मला आजही वाईट वाटते, कारण यंत्र निर्दोष असल्याचा पुरावा त्याच यंत्रात होता आणि मी तो विचारला नव्हता. आसपासच्या वस्त्यांवरील बायका आपल्या परसातल्या कोंबड्यांची अंडी पैसे देऊन वहिनींच्या यंत्रात उबवून घेतात. त्याच ट्रेमध्ये, त्याच तापमानात, त्याच वीजकपातीत ठेवलेली ती अंडी नेहमीसारखी उबत होती. वहिनींनी वहीत प्रत्येकीच्या नावापुढे किती ठेवली आणि किती निघाली याची नोंद ठेवली होती. ती वही पाहिल्यावर यंत्राचा विषय संपला.

प्रत्यक्ष भेटीत पहिली महत्त्वाची गोष्ट स्वयंपाकघरात दिसली. जेवणासाठी उकडलेली अंडी वहिनींनी दोऱ्याने मधोमध कापली आणि एक अर्धुक माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यात रिंगण दिसतंय बघा, आधी असं नसायचं." बलकाचा गाभा गडद नारिंगी होता, त्याभोवती फिकट पिवळसर असे एक बारीक कडे होते आणि सर्वांत बाहेर पुन्हा नारिंगी थर होता. मी विचारले की गेल्या पंधरवड्यात खाद्यात काही बदल झाला होता का. दादा आधी नाही म्हणाले आणि मग आठवून म्हणाले की रंगाची पुडी मध्ये चार दिवस संपली होती.

तोपर्यंत या घरात "रंगाची पुडी" वापरली जाते हे मला ठाऊक नव्हते. तिची हकिगत अशी. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर केंद्र सरकारने मर्यादा आणल्यानंतर इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि पोल्ट्रीवाल्यांना मका महाग पडू लागला. दादांनी फेब्रुवारीत खाद्यातला निम्मा मका काढून तांदळाची कणी घातली आणि मार्चच्या आरंभी उरलेला मकाही काढून घरातली जुनी बाजरी घातली. ऊर्जेच्या हिशोबाने हा बदल अगदीच चुकीचा नव्हता, आणि सोयापेंड त्यांनी कमी केली नव्हती. पण पंधरवड्याच्या आत बलक फिकट पडले. उबवणीला न बसणारी लहान-मोठी अंडी ते विट्याच्या बाजारात गावरान म्हणून विकतात. तिथे गिऱ्हाईक म्हणू लागले की ही गावरान नव्हेत, बलक लिंबासारखा आहे. तेव्हा एका खाद्यविक्रेत्याने लाल रंगद्रव्याची पुडी दिली. दोन आठवड्यांत बलक पूर्वीपेक्षाही लालसर झाले, बाजारातली तक्रार मिटली आणि दादांच्या मनातला विषय तिथेच संपला. उबवण घसरू लागली ती मेच्या सुरुवातीला. दोन घटनांत पाच-सहा आठवड्यांचे अंतर असल्यामुळे त्यांनी त्या एकमेकींशी जोडल्या नाहीत, आणि तो दोष त्यांचा मानता येणार नाही.

येथे बलक कसा तयार होतो हे थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण त्या रिंगणाचा अर्थ त्यातच आहे. बलक अंडाशयात बनत नाही, तो फक्त तिथे साठतो. त्याची सामग्री कोंबडीच्या यकृतात तयार होते. अंड्यावर आलेल्या पक्षिणीत स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाखाली यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन आणि चरबीचे अतिसूक्ष्म कण बनवते, ते रक्तातून अंडाशयाकडे जातात आणि वाढत्या बीजपुटकात (बीज वाढते त्या पिशवीत) थरावर थर असे बसतात. एका बलकाची ही जलद वाढ साधारण आठ ते दहा दिवस चालते. रंगद्रव्ये चरबीत विरघळणारी असल्यामुळे ती या चरबीच्या कणांवर बसूनच प्रवास करतात आणि ज्या दिवशी खाद्यात जे होते त्याची छटा त्या दिवसाच्या थरात राहते. म्हणून खाद्य बदलले की दोन-तीन दिवसांत कडेला वेगळा थर दिसू लागतो, आणि संपूर्ण बलक एकसारखा नवीन रंगाचा व्हायला दहा-बारा दिवस लागतात. झाडाच्या खोडातल्या वर्षवलयांप्रमाणे बलकात गेल्या आठवडाभराचा जमाखर्च लिहिलेला असतो. वहिनींनी कापलेल्या अंड्यात फिकट कडे कुठे होते आणि त्याच्या बाहेर किती जाडीचा नारिंगी थर चढला होता, एवढ्यावरून पुडी केव्हा संपली व केव्हा पुन्हा आली हे मांडता येत होते. त्याहून मोठी गोष्ट ती चार दिवसांची फट सांगत होती. पुडी वगळता या खाद्यात रंगाचा दुसरा कोणताही उगम उरलेला नव्हता.

कोंबडी स्वतः हे रंग बनवू शकत नाही. ते वनस्पतींतून, शेवाळातून किंवा पुडीतूनच यावे लागतात. पिवळ्या मक्यात ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी द्रव्ये किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम असतात, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांत त्यांचे प्रमाण शेकडो पट असते, आणि तांदळाची कणी, बाजरी व आपली पांढरी ज्वारी यांत ती जवळजवळ नसतात. पण बलकाला पिवळेपणा देणारे ल्युटीन आणि झियाझँथिन कोंबडीच्या शरीरात अ जीवनसत्त्वात बदलत नाहीत. अ जीवनसत्त्व बनते ते बीटा-कॅरोटीन आणि क्रिप्टोझँथिन या त्यांच्या भाऊबंदांपासून, आणि गंमत अशी की बीटा-कॅरोटीनचा बराचसा भाग आतड्यातच रूपांतरित होऊन जात असल्यामुळे बलकात तो रंगाच्या रूपाने फारसा उतरतच नाही. पिवळा मका आणि हिरवा चारा यांत दोन्ही गट एकत्र असतात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गडद बलक पाहिला आणि कोंबडी चांगली पोसलेली आहे असे ओळखले, ते बहुतेक वेळा बरोबरच ठरत आले. रंग आणि जीवनसत्त्व एकाच दाण्यातून येत होते. पुडीने ती जोडी तोडली. दादांच्या पुडीत कँथाझँथिन हे लाल द्रव्य होते. ते विषारी नाही, आणि योग्य प्रमाणात ते बलकातील चरबीचे खवट होण्यापासून थोडेफार रक्षणही करते. पण अ जीवनसत्त्वाची उणीव भरून काढण्याचे काम कोंबडीत त्याच्याकडून होत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मी दादांना पहिल्याच दिवशी सांगितली, कारण ते ऐकता ऐकता म्हणाले, "म्हणजे मका काढला म्हणूनच पिल्लं मेली ना?" निव्वळ फिकटपणाने गर्भ मरत नाही. अमेरिकेतील मिसूरी येथे पामर आणि केम्पस्टर या दोन संशोधकांनी १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या कामात कोंबड्यांना पिल्लू असल्यापासून पांढरा मका आणि डुकराचे यकृत अशा जवळजवळ रंगहीन खाद्यावर वाढवले होते. त्या कोंबड्या मोठ्या झाल्या, त्यांनी अंडी घातली, बलक जवळजवळ बिनरंगी होते आणि त्यांतून धडधाकट पिल्ले निघाली. तेव्हा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व यांचे नाते कोणालाच उलगडत नव्हते. पुढे १९३० मध्ये थॉमस मूर यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की शरीर कॅरोटीनचे अ जीवनसत्त्व करते, तेव्हा जुन्या प्रयोगातल्या यकृताची भूमिका स्पष्ट झाली. त्या कोंबड्यांना तयार जीवनसत्त्व यकृतातून मिळत होते, म्हणून रंगाविना त्यांचे काही अडले नाही. दादांच्या कोंबड्यांनाही, मका नसला तरी, प्रीमिक्समधून, म्हणजे खाद्यात मिसळायच्या जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणातून, हे जीवनसत्त्व मिळायला हवे होते. ते मिळत होते का, हा खरा प्रश्न होता.

त्या प्रश्नाकडे जाण्याआधी अंडी खरोखर अफलित आहेत का हे पाहणे भाग होते. टॉर्चवर कोरे दिसणारे अंडे दोन प्रकारचे असू शकते. एक, ज्यात गर्भ कधी धरलाच नाही. दुसरे, ज्यात गर्भ धरला पण तो इतक्या लवकर थांबला की सातव्या दिवशी कवचातून त्याची काहीच खूण दिसत नाही. फोडल्याशिवाय हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, आणि आपल्याकडे कोरी अंडी फोडून पाहण्याची पद्धत नाही, ती सरळ उकिरड्यावर जातात.

आम्ही ओसरीवर पांढऱ्या चिनी मातीच्या बशा मांडल्या आणि त्या आठवड्याच्या कोऱ्या अंड्यांतली ६० अंडी एकामागून एक फोडली. मोठ्या बोथट टोकाकडून कवच उचकटायचे, आतला पडदा बाजूला सारायचा आणि बलक सावकाश बशीत उतरवायचा. अफलित बीजचकती म्हणजे बलकावर दोन-तीन मिलिमीटरचा, आवळलेल्या कडांचा, घट्ट पांढरा ठिपका असतो. तशी १३ अंडी निघाली. उरलेल्या ४७ अंड्यांत बलकावर मलईच्या सायीसारखे पातळ, पसरट पटल तयार झालेले होते, म्हणजे पेशींची वाढ सुरू झाली होती आणि मग थांबली होती. काहींत पटलाच्या कडेला रक्ताचे तुटक तांबूस ठिपके होते, पण त्या ठिपक्यांपासून मध्यापर्यंत पोहोचणाऱ्या वाहिन्या जुळलेल्या नव्हत्या. मोजक्या अंड्यांतच रक्ताचे पूर्ण कडे दिसले. यंत्रात न ठेवलेली २० ताजी अंडीही फोडली. त्यांतल्या १७ अंड्यांवर फलित चकतीची स्वच्छ गोल कडी दिसली. याचा अर्थ कोंबडे निर्दोष होते. दादा बशीकडे पाहत बराच वेळ गप्प राहिले आणि मग विकून टाकलेल्या कोंबड्यांपैकी एका जुन्या, पिल्लांचा बाप म्हणून नावाजलेल्या कोंबड्याचे नाव घेऊन वहिनींना एवढेच म्हणाले, "उगाच घालवला गं त्याला."

गर्भ कोणत्या दिवशी थांबला यावरून उणीव कशाची असावी याचा अंदाज बांधता येतो, आणि हे ज्ञान जितके पसरायला हवे तितके पसरलेले नाही. ब-१२ च्या अभावी मृत्यू बहुतेक सोळाव्या ते अठराव्या दिवसाच्या सुमारास होतात. रायबोफ्लेविनच्या अभावात ते एका ठिकाणी न होता तिसऱ्या दिवसाच्या आसपास, मध्यावर आणि अखेरीस असे टप्प्याटप्प्याने होतात व उशिरा मेलेल्या पिल्लांची लव गाठाळलेली दिसते. ई जीवनसत्त्व कमी पडले तर चौथ्या दिवसाच्या आसपास गर्भ दगावतो. अ जीवनसत्त्वाचा अभाव असेल तर घात त्याच्याही आधी होतो. अंड्यातले अ जीवनसत्त्व गर्भाच्या शरीरात रेटिनॉइक आम्लात बदलते आणि हृदय व रक्तवाहिन्या कुठे, कशा घडायच्या याचे मार्गदर्शन ते आम्ल करते. दुसऱ्या दिवशी हृदय हलू लागते, आणि त्याच सुमारास बलकावर पसरलेल्या वाहिन्या त्या हृदयाला येऊन मिळाव्या लागतात. त्या जुळल्या नाहीत तर समोर अन्नाचा एवढा मोठा गोळा असूनही त्याचा कण गर्भापर्यंत पोहोचत नाही. कोंबड्यांना जीवनसत्त्वाऐवजी नुसते रेटिनॉइक आम्ल देऊन पाहिलेल्या जुन्या प्रयोगांतही हेच दिसले होते. आम्लावर कोंबडी स्वतः जगते, पण ते अंड्यात उतरत नाही, आणि गर्भ रक्ताभिसरण सुरू होण्याच्या टप्प्यावर संपतो. बशीतले तुटक ठिपके त्याच जागी थांबलेले होते.

मग शेडमध्ये गेलो. तीन-चार कोंबड्यांच्या डोळ्यांत चिकट पाणी होते. ते धुळीमुळे असेल असे समजून सोडून दिले गेले होते. बाजारात विकलेल्या अंड्यांत रक्ताचे ठिपके जास्त येतात अशी तक्रार एका हॉटेलवाल्याने केली होती, आणि अ जीवनसत्त्व कमी असताना असे ठिपके वाढतात हे पुस्तकात असले तरी प्रत्यक्षात क्वचितच कोणी त्या दिशेने विचार करतो. आदल्या रात्री मेलेली एक कोंबडी उघडून पाहिली तेव्हा अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरावर बाजरीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या पुटकुळ्या होत्या. आतड्यांत रक्ती हगवणीच्या खुणा नव्हत्या. जुन्या बाजरीमुळे बुरशीच्या विषाचा संशय मनात होताच, कारण त्यानेही बलक फिकट पडतो आणि उबवण घसरते, आणि रक्ती हगवणीतही रंग आतड्यातून शोषला जात नाही. पण या दोन्ही कारणांत पुडीचा रंग बलकात एवढ्या भरघोसपणे उतरला नसता. येथे तो उतरत होता, म्हणजे चरबी आणि तिच्यावर बसून येणारी द्रव्ये शोषणारे आतडे व यकृत कामात होते. तरीही बुरशी लागलेली बाजरी त्या दिवसापासून थांबवली.

उत्तर अखेर खाद्याच्या खोलीत सापडले. दादांनी जानेवारीत एकदम सहा महिन्यांचे जीवनसत्त्वांचे प्रीमिक्स आणले होते. रोजच्या मापाची कटकट नको म्हणून ते, खनिज मिश्रण आणि कोलीन क्लोराइड हे आणखी एक पोषकद्रव्य असे तिन्ही त्यांनी एकाच निळ्या पिंपात कालवून ठेवले होते, आणि पिंप पत्र्याच्या छपराखाली, दुपारभर ऊन येणाऱ्या भिंतीला टेकून होते. झाकण उघडून मी मूठभर मिश्रण उचलले तेव्हा ते हाताला दमट लागले आणि त्यात गुठळ्या झाल्या होत्या. कोलीन क्लोराइड हवेतले पाणी ओढून घेते. त्या ओलाव्यात तांबे आणि लोह यांचे क्षार जीवनसत्त्वांशी लागतात, वर खानापूर घाटमाथ्यावरच्या एप्रिल-मेची उष्णता, आणि या सगळ्यांत पहिला नाश होतो तो अ जीवनसत्त्वाचा. मका खाद्यात होता तोवर त्यातून थोडे का होईना अ जीवनसत्त्व मिळत होते, आणि कोंबड्या मोकळ्या सुटत तेव्हा बांधावरचे हिरवे टोचून खात. हिवाळ्यात कुत्र्यांनी कोंबड्या मारल्यापासून त्या शेडमध्येच बंद होत्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये मका गेला. पिंपातले प्रीमिक्स दर आठवड्याला कमजोर होत गेले. कोंबडीच्या यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा असतो आणि तो कित्येक आठवडे पुरतो. तो पुरला, म्हणून मेपर्यंत काहीच कळले नाही. एप्रिलमध्ये फिकट बलक डोळ्यांसमोर राहिला असता तर कदाचित कोणीतरी खाद्यात काय उणे आहे हे विचारले असते. त्या वेळेपर्यंत बलक लाल झालेला होता.

पिंपातला नमुना तपासणीला पाठवला. अहवाल तीन आठवड्यांनी आला आणि त्यात अ जीवनसत्त्व लेबलवरच्या आकड्याच्या पाव भागाहूनही कमी निघाले. पण उपचार त्याची वाट पाहत थांबवले नाहीत. पाच दिवस पाण्यातून अ, ड-३ आणि ई यांचे मिश्रण दिले आणि नंतर ते थांबवले, कारण अ जीवनसत्त्व गरजेपेक्षा फार जास्त झाले तर ते ई जीवनसत्त्वाच्या आणि रंगद्रव्यांच्या शोषणाला आडवे येते. जास्त दिले म्हणजे जास्त गुण येईल असे येथे नसते. जुने मिश्रण फेकून दिले. नवे प्रीमिक्स महिन्याच्या गरजेपुरतेच आणायचे, घरातल्या थंड खोलीत ठेवायचे आणि कोलीन व खनिजे त्यात न मिसळता खाद्य बनवण्याच्या दिवशीच वेगवेगळी घालायची असे ठरले. मका पुन्हा पूर्ण घालणे परवडत नव्हते, म्हणून एक तृतीयांश धान्य मक्याचे केले आणि बाकी कणी ठेवली. बांधावर लसूणघासाचे दोन वाफे होते, ते शेळ्यांसाठी होते. त्यातला रोज एक भारा कापून शेडमध्ये टांगायला सुरुवात केली. पुडी बंद करावी की नाही यावर आमचा वाद झाला. माझे म्हणणे असे की निदान दोन महिने बंद ठेवावी, म्हणजे बलक पुन्हा खाद्याची खरी अवस्था दाखवू लागेल. दादांना बाजारातली गिऱ्हाइके तुटण्याची भीती होती आणि ती खोटी नव्हती. वहिनींनी तोडगा काढला: उबवणीच्या कोंबड्यांना पुडी द्यायची नाही, आणि विक्रीच्या अंड्यांसाठी साठ कोंबड्या वेगळ्या करायच्या.

अंडी फोडली त्या दिवशी वहिनींचे धाकटे भाऊ आले होते. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी त्यांचे मत्स्यबीजाचे छोटे केंद्र आहे आणि जुलै हा त्यांचा हंगाम. त्यांनी विचारले की रोहूच्या प्रजननाच्या माशांनाही रंगद्रव्य किंवा जीवनसत्त्व द्यावे का, कारण एका तळ्यातल्या माद्यांची अंडी त्यांना फिकट वाटत होती. मी घाईने उत्तर दिले नाही आणि पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे त्यांच्याकडे गेलो. नद्यांतून बीज गोळा करण्यावर अवलंबून असलेल्या या धंद्याचे रूप १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी रोहूच्या कुळातल्या भारतीय कार्प माशांत पीयूष ग्रंथीच्या इंजेक्शनने प्रजनन घडवले तेव्हापासून पालटले. आज त्यांच्याकडे तयार संप्रेरकाचे इंजेक्शन संध्याकाळी देतात आणि रात्रीतून माद्या अंडी सोडतात.

पहाटे त्यांनी हाप्यातून, म्हणजे पाण्यात लावलेल्या कापडी जाळीतून, वाटीभर अंडी काढून पांढऱ्या ताटलीत ओतली. पाणी पिऊन फुगलेले रोहूचे अंडे चार-पाच मिलिमीटरचे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक असते आणि आत बलकावर गर्भ कुशीवर निजल्यासारखा वळलेला दिसतो. मेलेली अंडी तेवढी दुधासारखी पांढरी पडतात. वहिनी ताटलीवर वाकल्या, आतला जीव शेपूट झटकताना त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "आमच्या अंड्याला असं कवच नसतं तर आम्हाला मेमध्येच दिसलं असतं." हे अगदी नेमके होते. कोंबडी आणि रोहू यांच्या गर्भाची सुरुवात मूलतः सारखी आहे. दोन्हींत बलक यकृतातल्या त्याच जातीच्या प्रथिनापासून येतो, दोन्हींत पूर्ण बलक न विभागता वरच्या चकतीचेच विभाजन होते. फरक वेळेचा. कोंबडीला २१ दिवस लागतात, आणि बलकाची पिशवी शेवटच्या एक-दोन दिवसांत पोटात ओढून घेऊन पिल्लू बाहेर येते. रोहू २८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात साधारण १४ ते १८ तासांत फुटतो, आणि त्याचे जिरे, म्हणजे नुकते फुटलेले पिल्लू, पोटाखाली बलकाची पिशवी घेऊनच बाहेर पडते व पुढचे तीन दिवस त्यावर जगते. तोवर तोंड उघडलेले नसते, म्हणून आईने बलकात जे घातले तेच त्याचे सर्वस्व.

पण रंगाचा नियम कोंबडीवरून माशाला जसाच्या तसा लावता येत नाही. कोंबडीला ल्युटीनचे अ जीवनसत्त्व करता येत नाही. गोड्या पाण्यातल्या काही माशांत मात्र ल्युटीनपासून अ जीवनसत्त्वाचाच दुसरा प्रकार बनतो, आणि ट्राउटसारखे मासे तर अॅस्टाझँथिन या नारिंगी रंगद्रव्यापासूनही ते बनवू शकतात. सामन-ट्राउटच्या मादीच्या मांसातला नारिंगी रंग अंडी भरताना मांसातून निघून अंड्यांत जातो हे सर्वांना दिसते. रोहूची अंडी तशी गडद नसतात, आणि त्यांच्या माद्यांना रंगद्रव्ये मिळतात ती तळ्यातल्या शेवाळातून आणि प्लवंगांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून. म्हणून मी विचारले की फिकट अंडी देणाऱ्या तळ्याचे पाणी कसे आहे. त्यांनी नेऊन दाखवले. ते तळे नवे होते, पाणी काचेसारखे स्वच्छ होते आणि कोपरभर खोलवर हात दिसत होता. त्यात शेणखत टाकलेलेच नव्हते, मासे केवळ पेंड आणि कोंड्यावर होते. पुडी देण्यापेक्षा पाण्याला हिरवट रंग येऊ द्या, एवढाच माझा सल्ला होता. त्या तळ्यातल्या अंड्यांची फूट इतर तळ्यांहून कमी आहे का, हे त्यांनी वेगळे मोजलेले नव्हते, त्यामुळे तिथे रोगनिदान करण्यात अर्थ नव्हता.

विट्याकडच्या कोंबड्यांचे पुढे काय झाले ते सरळ आहे. उपचारानंतर पहिले दहा दिवस जमवलेली अंडी यंत्रात ठेवू नका असे मी सांगितले होते, कारण त्यांचे बलक आधीच अर्धे भरलेले होते. दादांना ते जड गेले, पण त्यांनी ती अंडी विकली. तिसऱ्या आठवड्यापासून ठेवलेल्या खेपेत कोरी अंडी ८० वर आली, ऑगस्टच्या अखेरच्या खेपेत ५० वर. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ४०० अंड्यांतून ३०५ पिल्ले निघाली. बलक या काळात फिकट पिवळे राहिले, घासामुळे हळूहळू थोडे उजळले, पण पुडीच्या दिवसांतल्या लालीच्या जवळपासही गेले नाहीत. साठ विक्रीच्या कोंबड्यांची अंडी अजूनही लालसर बलकाचीच निघतात आणि बाजारात त्यांना दोन रुपये जास्त मिळतात.

वहिनींच्या वहीत आता एक नवीन रकाना आहे. प्रत्येक खेपेतली दहा कोरी अंडी त्या सातव्या दिवशी बशीत फोडतात आणि "धरलंच नाही" किंवा "धरून थांबलं" असे त्यापुढे लिहितात. ऑक्टोबरमध्ये मी गेलो तेव्हा शेजारच्या वस्तीवरची एक बाई आपली कोरी अंडी घेऊन तिथेच बसली होती आणि वहिनी तिला बशी उजेडाकडे कशी धरायची ते दाखवत होत्या.